खिंडीवरचे तळे

एखादी गोष्ट आपल्याला ‘कळली’ असे केव्हा म्हणावे? प्रश्न पोरकट वाटेल, पण तो वाटतो तितका सोपा नाही. आईला मूल कळते, शेतकऱ्याला आभाळ कळते, वैद्याला नाडी कळते आणि शास्त्रज्ञाला अणू कळतो, असे आपण एकाच क्रियापदाने बोलून मोकळे होतो. पण या चार ‘कळण्यां’त काही साम्य आहे काय? आणि असलेच, तर आपला निकाल छातीठोकपणे सांगण्याचा अधिकार त्यांतल्या कोणाला पोचतो? पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, दुसरा नीतीचा. मला आज बोलायचे आहे ते मुख्यतः दुसऱ्याविषयी. पण पहिल्याला वळसा घालून दुसऱ्याकडे जाता येत नाही, हीच अडचण आहे.

त्यासाठी मी निवडलेले उदाहरण जरा आडवाटेचे आहे. मी उभी हयात रसायनशास्त्र शिकवण्यात घालवली, त्यामुळे माझी गाडी फिरून फिरून त्याच स्टेशनावर येते. फराळाच्या ताटात रसायनशास्त्र वाढणे हा अपराध आहे, हे मला ठाऊक आहे. पण चकलीच्या भाजणीत मोहन किती घालावे, यावर घरात जी चर्चा चालते तिच्यापेक्षा माझे उदाहरण साधे आहे. त्यात जिन्नस अवघे तीन, आणि तिन्ही एकाच जातीचे.

हायड्रोजनच्या रेणूत दोन अणू एकमेकांचा हात धरून असतात. तिसरा एक एकटा अणू भरधाव येतो, या जोडीच्या एका टोकाला बिलगतो आणि दुसऱ्या टोकाचा अणू हात सोडून निघून जातो. जवळजवळ खो-खोच! फरक एवढाच, की इथे ज्याला खो मिळाला तो जागचा हलत नाही आणि त्याच्या पलीकडचा उठून पळतो. आधी एक अणू आणि एक रेणू. नंतरही एक अणू आणि एक रेणू. जगातली ही सर्वांत साधी रासायनिक क्रिया.

तुम्ही म्हणाल, ‘मग घडले काय? आधी हायड्रोजन, नंतरही हायड्रोजन!’ शंका रास्त आहे. पण अणूंच्या गाभ्यांना एक प्रकारची फिरकी असते. दोन्ही गाभ्यांची फिरकी परस्परविरुद्ध असली तर रेणू एका जातीचा, एकाच दिशेची असली तर दुसऱ्या जातीचा. रेणूरेणूंच्या नुसत्या टकरींनी ही जात सहसा बदलत नाही. अणूंची अदलाबदल झाली की बदलते. १९३० च्या सुमारास बर्लिनमध्ये फारकश नावाच्या शास्त्रज्ञाने हायड्रोजन तापवून हा जातीबदल किती वेगाने होतो ते मोजले, आणि डोळ्यांना न दिसणारा हा खो-खो हिशेबात आला.

हे मोजमाप चालले होते त्याच सुमारास शास्त्राच्या जगात एक मोठा आत्मविश्वास पसरला होता. १९२७ साली हाइटलर आणि लंडन या दोघांनी नव्या पुंजयामिकीच्या आधारे दोन हायड्रोजन अणू एकमेकांना का धरून ठेवतात याचा उलगडा केला होता. १९२९ साली डिरॅकने, वयाची सत्तावीस वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, लिहून टाकले की साऱ्या रसायनशास्त्राला लागणारे मूलभूत नियम आता पूर्णपणे माहीत झालेले आहेत. अडचण एवढीच की त्यांतून निघणारी समीकरणे सोडवण्याच्या पलीकडची आहेत. त्याच दमात, काम चालण्याजोग्या अंदाजी पद्धती शोधायला हव्यात, असेही त्याने सांगितले. म्हणजे तो गर्विष्ठ नव्हता. पण त्याच्या बोलण्यातल्या त्या ‘एवढीच’वर मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. माणसाच्या बोलण्यात ‘फक्त’, ‘केवळ’, ‘एवढेच’ हे शब्द आले की सावध व्हावे. त्यांच्या पोटात बहुधा एखादे आयुष्य दडलेले असते. डिरॅकच्या ‘एवढीच’च्या पोटात, नुसत्या तीन हायड्रोजन अणूंपुरती बोलायची तर, पंचेचाळीस वर्षे दडलेली होती.

अडचण अशी. तीन अणू म्हणजे तीन गाभे आणि तीन इलेक्ट्रॉन. सहाही जण एकमेकांना ओढतात किंवा ढकलतात, आणि पुंजयामिकीत यांतला कोणीही एका ठिकाणी उभा नसतो. लाटेसारखा पसरलेला असतो. सहा जणांची मिळून एकच लाट, आणि ती कशी हलेल हे काढायचे! सुटकेची एक वाट बॉर्न आणि ओपेनहायमर यांनी १९२७ मध्ये दाखवली होती. गाभा इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड. बैल संथ चालतो आणि त्याच्या भोवतीच्या गोमाश्या प्रत्येक पावलागणिक आपापली जागा घेतात, तसे हे. तेव्हा आधी बैल उभे आहेत असे धरून माश्यांचा हिशेब करावा. गाभ्यांच्या प्रत्येक मांडणीला किती ऊर्जा लागते ते काढावे. आणि मग त्या आकड्यांचा एक डोंगराळ मुलूख कल्पून त्यावर गाभ्यांना सोडून द्यावे.

या मुलखाचा पहिला नकाशा १९३१ मध्ये बर्लिनमध्येच काढला गेला. काढणारे दोघे: हेन्री आयरिंग हा अमेरिकन आणि मायकेल पोलानी हा हंगेरियन. त्यांचा नकाशा समजायला आपल्याला परदेशी जायला नको. कोकणातून देशावर यायचे तर सह्याद्रीच्या शिखरावर चढण्याचे कारण नसते. खिंड गाठली की झाले. इकडची दरी म्हणजे आधीची जोडी, तिकडची दरी म्हणजे नंतरची जोडी. जुना बंध आधी पुरता तोडायचा आणि मग नवा जोडायचा म्हटले तर ती शिखराची वाट झाली: दोन ग्रॅम हायड्रोजनमधले सारे बंध तोडायला सुमारे १०३ किलोकॅलरी ऊर्जा लागते. पण निसर्ग तसे करीत नाही. एक हात सैल होत असतानाच दुसरा हात घट्ट होत जातो. त्याच मापाने या खिंडीची उंची भरते अवघी ९.६ च्या आसपास; शिखराच्या दशांशाहूनही कमी. रासायनिक क्रिया मुळात घडतात कशा, याचे उत्तर या एका चित्रात आहे.

आता गंमत पाहा. आयरिंग-पोलानींच्या नकाशात खिंडीच्या अगदी माथ्यावर एक खोलगट जागा होती. तिघे अणू तिथे घटकाभर विसावा घेत असतील असे त्यावरून वाटावे. पुढे शास्त्रज्ञ तिला थट्टेने ‘आयरिंगचे तळे’ म्हणू लागले. हे तळे मुळात नव्हतेच! नकाशा काढताना दोघांनी काही आकडे सिद्धान्तातून घेतले होते, काही प्रयोगातून उसने आणले होते. त्या जोडकामात ते तळे उगवले होते. खिंड खरी, वाट खरी, तळे मात्र खोटे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९६५ साली कारप्लस, पोर्टर आणि शर्मा यांनी अधिक चांगल्या नकाशावर अणूंना कॅरमच्या सोंगट्यांसारखे समजून, संगणकावर त्यांच्या हजारो टकरी घडवून पाहिल्या. १९७५-७६ मध्ये अमेरिकेत कुपरमन आणि शाट्स यांनी, आणि त्यांच्याच बरोबरीने एल्कोविट्स आणि वायट यांनी, सोंगट्यांचा आधार सोडून खऱ्या लाटांचा, खऱ्या तीन मितींतला हिशेब पुरा केला. १९७८ पर्यंत नकाशाही विश्वासाचा झाला, आणि तळे कायमचे आटले.

मग यांतल्या कोणाला ती क्रिया ‘कळली’ होती? आयरिंग-पोलानींचे आकडे कच्चे, पण ‘असे का होते’ याचे उत्तर त्यांच्यापाशी होते. संगणकाचे आकडे पक्के. पण त्याला ‘का?’ विचारावे तर तो आणखी आकडे पुढे करतो. माझे वर्गातले हुशार विद्यार्थी यावर दोन तट पाडून भांडत असत. एक तट म्हणे, चित्र हेच ज्ञान, आकडे ही नुसती हमाली. दुसरा म्हणे, आकडा हेच ज्ञान, चित्र ही कविता. मला दोन्ही तट अर्धवट वाटत. नुसत्या चित्राकडे पाहून खिंड खरी आणि तळे खोटे, हे कोणाला सांगता आले असते? दोन्ही सारखीच ठसठशीत काढलेली होती. तळे आटवले ते हिशेबाने. पण चित्रच नसते तर हिशेब मांडायचा कशाचा, हेही उमगले नसते. म्हणून मला वाटते, ‘कळणे’ म्हणजे चित्र बाळगणे आणि त्या चित्राला हिशेब द्यायला लावणे. यांतले एक सुटले की उरते ते मत.

आता हिशेब आणि अनुभव यांचे भांडण झाले तर? याचीही एक सुंदर गोष्ट आहे. हायड्रोजनच्या रेणूचा बंध तोडायला लागणारी ऊर्जा कॅनडात हर्झबर्ग आणि मोंफिल्स यांनी १९६० साली अतिशय काटेकोरपणे मोजली होती. हर्झबर्ग म्हणजे रेणूंच्या वर्णपटांचा जगन्मान्य अधिकारी. पुढल्या काही वर्षांत कोवोश आणि वोल्निएविच या दोघा पोलिश शास्त्रज्ञांनी तीच ऊर्जा कागदावर काढली, तर ती मोजलेल्या आकड्याहून जास्त भरली. फरक दहा हजारांत एक भाग! दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता. पण त्यांच्या गणिताची रीतच अशी होती की तिच्यात अपुरेपणा राहिला तर बंध खऱ्याहून कमजोर दिसावा. अधिक बळकट कधीच दिसू नये. चूक कोणत्या बाजूला होऊ शकते हे ठाऊक असल्यामुळेच त्यांना नम्रपणे, पण ठामपणे सांगता आले की खोट मोजण्यात असावी. हर्झबर्गने काय केले? त्याने नव्या उपकरणांनी पुन्हा मोजले, आणि १९७० साली गणिताला दुजोरा देणारा नवा आकडा स्वतःच प्रसिद्ध केला. दुसऱ्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, तेही वेगळ्या कामासाठी. मला ते पारितोषिक मोठे वाटते. पण ते दुसऱ्यांदा मोजणे त्याहून मोठे वाटते. आपल्याकडे शब्द दिला की तो फिरवायचा नाही हा मानी माणसाचा बाणा समजला जातो. वचनाच्या बाबतीत तो शोभतो. मताच्या बाबतीत शोभत नाही.

गणितानेही आपली परीक्षा देण्याचे टाळले नाही. २०११ साली कॅनडातल्या व्हँकूवरच्या प्रयोगशाळेतून एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात हायड्रोजनच्या खो-खोत दोन सोंगे उतरवली होती. एकाचा गाभा म्हणजे म्यूऑन नावाचा अल्पजीवी कण, त्यामुळे सोंग हायड्रोजनच्या सुमारे नवव्या भागाइतके हलके. दुसरे हीलियमचे, एका इलेक्ट्रॉनच्या जागी म्यूऑन बसवून बाहेरून हायड्रोजनसारखे केलेले, चौपट जड. वजनात छत्तीस पटींचे अंतर, तरी दोघांचे वेग गणिताने सांगितल्याशी जुळले.

आणि २०१८ साली चिनी शास्त्रज्ञांनी याच क्रियेत एक त्याहून नाजूक गोष्ट पाहिली. अणूंच्या त्या डोंगराळ मुलखात एक जागा अशी आहे की तिच्याभोवती एक पुरी प्रदक्षिणा घातली तर लाट परत मूळ ठिकाणी येते, पण चिन्ह बदलून येते. त्यामुळे या बाजूने आलेली आणि त्या बाजूने आलेली लाट एकत्र मिळतात तेव्हा निराळा ठसा उमटतो. तो ठसा प्रयोगात सापडला. प्रदक्षिणेचा असाच एक परिणाम १९५६ साली, प्रकाशाच्या बाबतीत, बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतल्या पंचरत्नम् नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाने दाखवून दिला होता. तो पस्तिसाव्या वर्षी, १९६९ मध्ये गेला. १९८४ साली इंग्लंडात बेरी याने या साऱ्याचे व्यापक तत्त्व मांडले, आणि पंचरत्नम् चे काम त्यानंतर जगाच्या नजरेत भरले. मुक्कामावर पोचल्यावरही कोणत्या वाटेने आलो हे पुसले जात नाही, हे वाचून माणसाच्या आयुष्याविषयी एखादे सुभाषित रचण्याचा मोह होतो. मी तो आवरतो. अणूंवरून माणसाविषयी उपमा काढणे सोपे असते. पुरावा काढता येत नाही.

तेव्हा पुरावा नको, नुसती तुलना करू. माणसांविषयी आपण रोज भाकिते करतो. ‘हा मुलगा काही करणार नाही.’ ‘तिचे त्या घरात पटायचे नाही.’ ‘मी माणूस बघितला की ओळखतो.’ मी ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो तिथे दर जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज येत. एक सहकारी गुणपत्रिकेवर नजर टाकून अर्जांचे दोन गठ्ठे करीत आणि एका गठ्ठ्याला ‘दगड’ म्हणत. पुढे वर्गातही ते त्या मुलांना त्याच नावाने हाक मारीत. त्यांतला एखादा दगड पुढे हिरा निघाला, अशी गोष्ट इथे सांगितली तर लेख रंगेल. पण ती लबाडी होईल. बहुतेकांचे साधारणच झाले. सहकाऱ्यांचे भाकीत खरे ठरले, असेही कोणी म्हणेल. मला सतावते ते नेमके तेच.

कारण तीन अणूंच्या गोष्टीत मी एक भाग अजून सांगितलेला नाही. नियम पूर्ण माहीत आहेत, नकाशा पक्का आहे, गणित बिनचूक आहे; तरीही एका विशिष्ट टकरीत अदलाबदल होईल की नाही, हे पुंजयामिकी सांगत नाही. अशा शंभर टकरींपैकी किती जमतील, एवढेच ती सांगते. जगातल्या सर्वांत साध्या भेटीविषयी, सर्व काही गणून झाल्यावरही, शास्त्र एकट्यादुकट्याचा निकाल देत नाही. आणि आपण गुणपत्रिकेच्या एका कागदावरून सोळा वर्षांच्या पोराचा निकाल लावतो!

यावर दोन प्रकारची माणसे दोन घाईची अनुमाने काढतील. एक म्हणेल, ‘तीन अणूंना इतकी वर्षे लागली, तर माणूस कळणे अशक्यच. मग शास्त्र काय आणि पत्रिका काय, सारखेच.’ हे खरे नाही. तीन अणू शेवटी कळले, तेही कष्टाने आणि पायरीपायरीने. कळण्याला पायऱ्या असतात. वरची पायरी दूर आहे म्हणून खालच्या सगळ्या सारख्या ठरत नाहीत. राशिभविष्य मीही वाचतो, पण आपण कोठे चुकू शकतो हे त्यात कधी लिहिलेले नसते. दुसरा म्हणेल, ‘आज तीन अणू, उद्या मोठा संगणक आला की माणूसही.’ हेही खरे नाही. एकेक अणू वाढला की हिशेब नुसता वाढत नाही, पटीने फुगतो. चार अणूंच्या क्रियेचा असा पूर्ण हिशेब व्हायला १९९० नंतरचा काळ उजाडला. त्याहून मोठ्या रेणूंसाठी आजही बहुधा अंदाजी पद्धतींचाच आधार घ्यावा लागतो.

पण या दोघांच्याही ध्यानात न आलेला फरक निराळाच आहे. अणूला आपले भाकीत ऐकू येत नाही. कुपरमनच्या संगणकाने काहीही सांगितले तरी हायड्रोजनचा अणू हिरमुसत नाही, की चेवाने उठत नाही. माणसाला मात्र ऐकू येते. ‘दगड’ म्हटलेले पोर ते ऐकते, घरी घेऊन जाते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ते त्याच्या उशाशी येऊन बसते. माणसाविषयीचे भाकीत हे नुसते भाकीत राहत नाही. तो त्या माणसावर पडलेला एक धक्का असतो, आणि त्याची फळे पुढे भाकिताच्याच पदरात पुरावा म्हणून पडतात. माझ्या सहकाऱ्यांचे भाकीत खरे ठरले, ते त्यांना मुले कळली होती म्हणून, की मुलांना त्यांचे म्हणणे कळले होते म्हणून? हे आता कोणालाही वेगळे काढता येणार नाही. आणि वेगळे काढता येत नाही म्हणूनच, अणूविषयी बोलणाऱ्यावर नसलेली एक जबाबदारी माणसाविषयी बोलणाऱ्यावर येते.

मग बोलूच नये काय? तसेही नाही. शिक्षकाला, वैद्याला, आईबापांना बोलावेच लागते. गप्प बसणे हीही कधी कधी कसूर असते. पण बोलणाऱ्याने तीन अणूंकडून तीन सवयी घ्याव्यात. माझ्या मनातल्या चित्रात एखादे खोटे तळे असू शकेल, हे धरून चालावे. चूक झालीच तर ती कोणत्या बाजूला झुकेल, हे आधी पाहावे. आणि झुकायचेच असेल तर ती माणसाच्या बाजूला झुकू द्यावी. आणि पुन्हा मोजण्याची वेळ आली तर हर्झबर्गसारखे पुन्हा मोजावे.

आयरिंगबरोबर तो पहिला नकाशा काढणारा पोलानी १९३३ साली जर्मनी सोडून इंग्लंडला गेला आणि पुढे तत्त्वज्ञ झाला. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ग्रंथात त्याने असे प्रतिपादले, की कोणतेही ज्ञान जाणणाऱ्यापासून पूर्ण अलग करता येत नाही. ‘मला हे कळले’ असे म्हणणारा स्वतःला त्या विधानाशी बांधून घेतो. मला यात शास्त्राची कमतरता दिसत नाही, जबाबदारी दिसते. ज्याच्या नकाशावर एक खोटे तळे होते, त्याच्या तोंडी हे म्हणणे विशेष शोभते.

या चार दिवसांत घरोघर पाहुणे येतील, ओवाळणी होईल, आणि पाटावर बसलेल्या एखाद्या पोराकडे बोट दाखवून कोणी वडीलधारे विचारतील, ‘काय, पुढे काय होणार याचं?’ उत्तर द्यायची घाई करू नका. त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढा, आणि तो काय म्हणतो ते ऐका.